नाकेदारांचा गुलाबी पावणा

माणसानं काय वाट्टेल ते पाळावं. कुत्रं पाळावं, पोपट पाळावा, वेळ पडली तर मेव्हणाही पाळावा. पण घोडा पाळू नये. आणि पाळायचाच असेल तर आधी आपल्या माजघराच्या दाराची रुंदी मोजून घ्यावी. शुक्रवार पेठेतल्या मल्लाप्पाण्णा करोशींनी ती मोजली नव्हती, आणि म्हणून ही सगळी कथा घडली.

आण्णा म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. कोल्हापूरच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर त्यांनी उभा जन्म काढलेला. गाडी आली की हात वर करून "थांब!" म्हणायचं, मग गाडीवानाला विचारायचं, "काय हाय पावणं गाडीत?" मग सगळी पोती काठीनं टोचून बघायची आणि मन भरलं की शिपायाकडं न बघताच म्हणायचं, "सोड!" शिपाई आडवा बांबू वर उचलायचा आणि गाडी गावात शिरायची. सख्ख्या साडूच्या आंब्याची पाटीसुद्धा त्यांनी फुकट सोडली नव्हती. साडू त्यानंतर बोलायचा बंद झाला, पण आण्णांना त्याचं काही वाटलं नाही. बोलायला नाक्यावर अख्खा मुलूख येत होता की!

मग पेन्शन झाली. त्याच पावसाळ्यात त्यांची बायको, महादेवीअक्का, गेल्या. मूलबाळ नव्हतं. आण्णा ओट्यावर घोंगडं टाकून बसायला लागले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याशी जग बोलत होतं ते बांबूमुळं. नाक्यावर "आण्णा, आण्णा" करत तमाखूची चंची पुढं करणारी माणसं आता ओट्यासमोरून सरळ निघून जायची. का थांबतील? कधीकधी गाडी दिसली की आण्णांचा हात सवयीनं आपोआप वर जायचा आणि तोंडातून "थांब!" निघायचं. कुणी थांबत नसे. एकदा एक बैल थांबला होता, पण त्याला दुसराच विधी उरकायचा होता.

तर त्या वर्षी जोतिबाची चैत्राची यात्रा नुकतीच सरली होती. डोंगरावरून परतलेल्या सासनकाठ्यांनी आणि माणसांनी गल्लीबोळ गुलालानं माखून टाकले होते. अशा एका दुपारी, पेठ जेवून लवंडलेली असताना, गल्लीच्या तोंडाशी एक घोडा आला. घोडा म्हणजे भीमथडी तट्टू, आणि तट्टू म्हणजे तरी काय, चार काठ्यांवर वाळत घातलेलं कातडं. खूर वाढलेले, पाठीला जखम, बरगड्या तर डोळे मिटून हातानं मोजाव्यात. मूळचा पांढरा असावा, पण कानापासून शेपटीपर्यंत गुलालानं गुलाबी झालेला. आण्णांचा हात वर गेला.

"थांब!"

आणि घोडा थांबला. आता तो दमून थांबला, का सावली बघून थांबला, ते देव जाणे. आण्णांना एवढंच दिसलं की पेन्शन झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी थांबलं. ते पुढं होऊन म्हणाले, "काय पावणं, कुणीकडनं येणं केलं?"

पावण्यानं ओट्यावरचं घोंगडं खायला सुरुवात केली.

समोरच्या घरातल्या चिमणाबाई बाहेर आल्या. या बाई विधवा, तोंडानं तिखट आणि गल्लीत काय चाललंय यावर त्यांची बारीक नजर. त्यांनी कमरेवर हात ठेवून निकाल दिला, "अवं आण्णा, हात लावू नगासा! देवाला सोडल्याला घोडा हाय त्यो. जोतिबाचा. गुलाल दिसत न्हाय व्हय?"

आता यातली गंमत बघा. गावातल्या दहा गल्ल्यांनी त्या जनावराला बघितलं होतं आणि प्रत्येक गल्लीनं हेच म्हटलं होतं. देवाचा घोडा, म्हणून कुणी मारला नाही. आणि देवाचा घोडा, म्हणून कुणी चारलाही नाही. देवाचं देव बघून घेईल! सगळ्यांनी जाताजाता त्याच्या अंगावर आणखी चिमूटभर गुलाल तेवढा टाकला होता. भुकेनं मरायला टेकलेलं जनावर रोज जास्त गुलाबी होत चाललं होतं.

आण्णा वैरण आणायला गेले तेवढ्यात कोंडवाड्याची माणसं येऊन घोडा घेऊन गेली. आण्णा पेंढी काखेत मारून तसेच कोंडवाड्यावर गेले. मागोमाग चिमणाबाई. तिथं एक कारकून पागोटं सावरत बसला होता.

"घोड्याचा मालक कोण?" कारकुनानं विचारलं.

"ठावं न्हाय."

"मग मिळत न्हाय. जनावर मालकालाच सोडायचं."

"आनि मालक आलाच न्हाय तर?"

"तर हितंच ऱ्हातंय."

"खातंय काय हितं?"

"ते आमच्याकडं येत न्हाय."

चिमणाबाई कडाडल्या, "आरं मुडद्या, देवाचा घोडा हाय त्यो! जोतिबा मालक हाय त्येचा!"

"मग देवाची सही आणा," कारकून म्हणाला.

दुसरा कुणी असता तर कारकुनाच्या उरावर बसला असता. पण आण्णांना भरून आलं. किती दिवसांनी त्यांना नियमानं वागणारा माणूस भेटला होता! "बरोबर हाय," ते म्हणाले, "कायदा म्हंजे कायदा." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. रोज पेंढी न्यायची, कठड्यातून घोड्याला भरवायची, मग कारकुनाशी कायद्याची चर्चा करायची. दोघांचं इतकं जमलं की हे प्रकरण जन्मभर चाललं असतं. पण एके दिवशी चर्चा रंगात आली असताना घोड्यानं कठड्यातून मान काढली आणि कारकुनाच्या पागोट्याचं टोक तोंडात धरून शांतपणे खायला सुरुवात केली. पागोटं जवळजवळ सगळं उलगडलं. कारकून बोडक्या डोक्यानं ओरडला, "न्ह्या! न्ह्या हे लचांड! पर मालक आला तर उभ्या पायी परत द्यायचा. बोला!"

"बोललो," आण्णा ताठ उभे राहून म्हणाले. "नाकेदाराचा शब्द हाय."

हा शब्द ध्यानात ठेवा. आण्णांनी आयुष्यात एकही शब्द मोडला नव्हता. मोडण्यासारखा एखादा असू शकतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आण्णांचं घर पेठेतल्या घरांसारखंच, अरुंद आणि लांबलचक. पुढं ओटा, मग सोपा, मग माजघर, आणि मागं परडं. परड्यात जायला दुसरी वाट नाही. म्हणजे पावण्यानं सोप्यातून, देव्हाऱ्यासमोरून, चुलीला वळसा घालून, माजघराच्या चिंचोळ्या दारातून परड्यात जायचं. त्या दाराच्या चौकटीवर महादेवीअक्का रोज सकाळी हळदीकुंकवाची बोटं ओढायच्या. त्या गेल्यापासून आण्णांनी ती पुसली नव्हती, का नवी ओढली नव्हती. घोडा त्या चौकटीला अंग न लावता अलगद पार झाला, एवढा तो बारीक होता.

चिमणाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शिवा शिवा, माजघरातनं घोडा! अक्का असत्या तर काय म्हनल्या असत्या!"

"अक्का असत्या तर घोडा कशाला आनला असता?" आण्णा म्हणाले, आणि चिमणाबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

आता घोडा जगवायचा म्हणजे काय, याबद्दल पेठेत दोन मतं होती आणि दोन्ही मतं एकाच दिवशी घोड्याच्या पोटात गेली. चिमणाबाईंचं मत, देवाचा घोडा म्हणजे पुरणपोळीचा नैवेद्य. शेजारच्या तालमीतल्या बाळासो वस्तादांचं मत, अशक्त जीव म्हणजे पैलवानाचा खुराक. "आण्णा, तुमाला काय कळतंय अंगाचं?" वस्ताद दंड थोपटत म्हणाले. "बदामाची थंडाई, वर तूप. आनि सकाळी माती लावून मालिश. म्हैन्यात ह्यो घोडा कुस्ती खेळंल!" त्यांनी मालिश सुरूही केली. पावण्यानं एक लाथ झाडली आणि वस्ताद परड्यातल्या शेवग्याला मिठी मारून उभे राहिले. "ताकद हाय हं!" असं मात्र ते कौतुकानं म्हणाले. पैलवान मोठ्या मनाचे असतात.

संध्याकाळी घोड्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. तो जमिनीवर पडला, उठला, पुन्हा पडला, आपल्याच पोटाकडं वळून बघायला लागला. वस्ताद आणि चिमणाबाई एकमेकांच्या खुराकाला नावं ठेवत निघून गेले. आण्णा एकटे राहिले. त्यांनी त्याला दाव्याला धरून परड्यात गोल गोल चालवलं. चालता चालता ते बोलत होते, "पावणं, असं करू नगासा. आत्ताच आलायसा. असं कुनी जातंय व्हय लगीच?" बऱ्याच वेळानं घोड्यानं मोठा आवाज करून पोट मोकळं केलं. तो आवाज ऐकून आण्णा ढसाढसा रडले. आनंदानं, पण एवढं रडायला त्यांना अक्कांच्या वेळीही जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेनं एक नवलच पाहिलं. आण्णांनी आपल्या ओट्यावर खांबापासून खांबापर्यंत आडवा बांबू बांधला होता. डोक्याला जुना नाक्यावरचा फेटा, हातात पोती टोचायची काठी. चिमणाबाई ताट घेऊन आल्या.

"थांब!" आण्णांनी हात वर केला. "काय हाय ताटात?"

"अवं, निवद हाय."

"पुरन हाय का?"

"थोडंसं…"

"पुरन आत जानार न्हाय. हिरवं गवत असंल तर बोला."

वस्तादांची थंडाईही तिथंच अडली. परत पाठवण्यापेक्षा ती नाकेदारांनी स्वतःच पिऊन टाकली. आत काय जायचं ते ठरलेलं. आधी नुसतं गवत, तेही मूठमूठ; मग भिजवलेले हुलगे, वाटी वाटीनं वाढवत; आणि गुळाचा एक खडा, तो फक्त आण्णांच्या हातचा. नियम झाला म्हटल्यावर लोकांना तो मोडायचा चेव आला. कुणी टोपलीत गवताखाली लाडू लपवून आणायचं, कुणी पदराखाली पोळी. आण्णा काठीनं टोचून बरोब्बर काढायचे. काय दिवस होते ते! ओट्यापुढं रांग लागायची, वाद व्हायचे, तमाखूच्या चंच्या पुढं व्हायच्या. आण्णांना रात्रीची झोप लागायला लागली.

पावणाही भरायला लागला. आण्णांनी त्याला घासून घासून धुतला तेव्हा पांढरं अंग वर आलं, फक्त कानांची टोकं काही केल्या गुलाबीच राहिली. त्याला नाव ठेवा म्हणून पेठ मागं लागली, पण आण्णा "पावणं" या पलीकडं गेले नाहीत. रोज संध्याकाळी ते त्याला पंचगंगेच्या घाटावर फिरवायला न्यायचे. वाटेत त्याला शिकवायचे. आता घोड्याला शिकवायची जी भाषा सगळ्या जगाला ठाऊक आहे, ती आण्णांना ठाऊक नव्हती. त्यांना येत होते दोनच शब्द. "थांब" म्हटलं की घोडा थांबायचा, "सोड" म्हटल्यावर चालायचा. दुसऱ्या कुणी 'चल' म्हणून घसा फोडला तरी तो हलत नसे. घाटावर पाण्याकडं बघत आण्णा त्याला अक्कांच्या गोष्टी सांगायचे. पावणं ऐकून घ्यायचं. मधे शेपटी हलवायचं, पण उपदेश करायचं नाही, आणि हे पेठेतल्या कुणालाच जमलं नव्हतं.

नवरात्र बसलं त्या दिवशी घात झाला. घाटावर निघालेला घोडा माजघराच्या दारात अडकला. पुढचा अर्धा माजघरात, मागचा अर्धा परड्यात. हुलगे अंगी लागले होते! पेठ गोळा झाली. वस्तादांनी तालमीच्या बाजूनं भिंतीवरून परड्यात उडी टाकून मागून जोर लावला आणि दुसऱ्यांदा शेवग्याला भेट दिली. चिमणाबाई तेलाची कासंडी घेऊन आल्या, "तेल वता, सटकंल!" तेल ओतलं. घोडा सटकला नाही, वस्ताद सटकले. शेवटी आण्णांनी माजघरातून गुळाचा खडा त्याच्या हनुवटीखाली धरून छातीकडं नेला तेव्हा पावणं मागं मागं सरकत एकदाचं परड्यात गेलं. चौकटीवरची हळदीकुंकवाची बोटं त्याच्या पोटानं थोडी पुसली गेली होती.

"आता येकच विलाज," वस्ताद कंबर चोळत म्हणाले. "ह्येला आठ दिस उपाशी ठेवा."

"ह्या घरात त्यो उपाशी ऱ्हानार न्हाय," आण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे परड्यात. कुठं जायाचंय त्येला?"

खरं सांगायचं तर आण्णांना मनातून बरंच वाटलं. आता तो कुठं जाणार? बांबूची गरजच नव्हती. पण माजघरात अडकलेल्या घोड्याची गोष्ट कोल्हापुरात कशी लपावी? ती हसत हसत गंगावेशीत गेली, तिथून ठेसनावर तांगेवाल्यांच्यात गेली, आणि तिथून जवळच्या गडमुडशिंगी गावाला. दोन दिवसांनी ओट्यापुढं एक माणूस आणि बाई येऊन उभी राहिली. माणूस हाडाचा सापळा, काठीच्या आधारानं उभा.

"आण्णा, मी इलाही. ठेसनावर तांगा हाकायचो. ही माझी घरवाली, बिबीजान. आईकलंय, तुमच्याकडं कानावर गुलाल ऱ्हायल्याला पांढरा घोडा हाय. आमचा बी पांढराच हुता."

आण्णांनी हात वर केला नाही, का 'थांब' म्हटलं नाही. ती दोघं सोप्यातून आत आली. माजघराच्या दारातून बिबीजाननं नुसतं "बाळ्या" म्हटलं, आणि परड्यातला घोडा मान वर करून असा खिंकाळला की आण्णांनी तसला आवाज आजवर ऐकलाच नव्हता.

बाईनं घोड्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं. "ह्यांस्नी विषमज्वर झालता आण्णा. घरात दाना नव्हता. बांधून मारण्यापरास मीच गायरानात सोडला ह्येला. म्हटलं, चरून तरी जगंल. मागनं हुडकाय गेले तर गेलता कुटं की. हाडं घिऊन गेलता, बघा आता कसा झालाय! तुमच्या पायावर डोस्कं ठेवते."

"पर आता न्हेणार कसा?" दारात गोळा झालेल्या चिमणाबाई म्हणाल्या. "दारातनं मावत न्हाय."

इलाहीनं दाराकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं. तो भला माणूस. हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आण्णा. तुमचं घर कशाला मोडायचं? अधनंमधनं बघून जाईन. तांगा इकून टाकतो. कुटंतरी हमाली मिळंल."

त्या काठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी हमाली दिली असती? आण्णा नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं. पेठ साक्षीला होती, दार अरुंद होतं, कायदासुद्धा त्यांना काही म्हणू शकला नसता. ते चौकटीवरच्या पुसट बोटांकडं बघत राहिले. मग परड्यातून पहार घेऊन आले, पहिली पहार त्यांनी त्या बोटांच्या बाजूलाच घातली, आणि कुणालाच हात लावू दिला नाही. चौकट निघाली, भिंतीचा कोपरा पडला, सगळं घर मातीनं भरलं. घोडा आरामात बाहेर आला. ओट्याशी येऊन थांबला आणि आण्णांकडं बघत राहिला. आण्णांनी बांबू काढला. "सोड," ते म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. कुठली संपते! इलाहीचा तांगा सुरू झाला. उतारू ठेसनावरून घाटाकडं न्यायचे म्हणजे रस्ता शुक्रवार पेठेतून. पहिल्याच दिवशी तांगा आण्णांच्या ओट्यासमोर आला आणि घोडा थांबला. इलाहीनं "चल, चल" करून जीव टाकला. आण्णा धावत बाहेर आले, गुळाचा खडा दिला, मानेवर हात फिरवला, तांग्यात डोकावून उतारूंना विचारलं, "कुणीकडनं येणं केलं पावणं? गाडीत काय हाय?" सगळी चौकशी झाल्यावर म्हणाले, "सोड!" मग तांगा निघाला. हे रोज चालू झालं. जाताना एकदा, येताना एकदा. आण्णा सकाळीच फेटा बांधून बसायला लागले. माजघराला चौकट नव्हती, परड्यातला वारा थेट ओट्यापर्यंत यायचा, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास चिमणाबाई आल्या. त्या दिवशी त्यांनी कमरेवर हात ठेवला नाही. "आण्णा, रागवू नगासा," त्या म्हणाल्या. "इलाहीच्या तांग्यात कोन बसंना झालंय. म्हंत्यात, ह्येच्यात बसलं की पेठेत जकात नाका लागतोय. रेलगाडी चुकती. त्यो तुमाला काय बोलनार न्हाय. पर काल बघितलं मी, घोड्याच्या बरगड्या पुन्हा दिसाय लागल्यात."

आण्णांनी फेटा काढून खुंटीला टांगला.

दुसऱ्या दिवशी तांगा आला तेव्हा ओटा रिकामा होता आणि दार बंद. घोडा थांबला. उतारू कुरकुरायला लागले. इलाही खाली उतरून लगाम ओढायला लागला. दाराच्या आत आण्णा गूळ मुठीत घेऊन उभे होते. घोड्यानं नाक फुरफुरवलं, ओट्यावर खूर आपटला. आण्णांचा हात कडीवर गेला. त्यांनी तो मागं घेतला, डोळे मिटले आणि नाक्यावर म्हणायचे तसं, खणखणीत आवाजात आतून म्हणाले, "सोड!"

टापा थोडा वेळ अडखळल्या. मग निघाल्या.

असं बरेच दिवस चाललं. तांगा आला की आण्णा दाराआड उभे राहायचे. फटीतून बरगड्या दिसतात का तेवढं बघून घ्यायचे, आणि "सोड" म्हणायचे. थांबणं कमी कमी होत गेलं. बरगड्या झाकत गेल्या. तांग्यात पुन्हा माणसं दिसायला लागली, एकदा तर तीन पोरींसकट अख्खं एक बिऱ्हाड होतं.

संक्रांतीच्या आसपास एके दिवशी टापा आल्या, ओट्यासमोर हळूसुद्धा झाल्या नाहीत, तशाच घाटाकडं निघून गेल्या. गुलाबी कानांची टोकं फटीतून दिसली न दिसली तोच गेली. आण्णांच्या ओठावर आलेला शब्द तसाच राहिला होता. गल्ली रिकामी झाल्यावर त्यांनी दार उघडलं, ओट्यावर आले आणि तो म्हणून टाकला.

"सोड."

समोर तांदूळ निवडत बसलेल्या चिमणाबाईंनी मान वर केली. "कुनाला सोडलासा आण्णा? रस्त्यावर कोन न्हाय की."

"पावणं आलतं," आण्णा म्हणाले. "गेलं."

चिमणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या उठल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि आण्णांनी हात वर केलेला नसताना ओट्यापाशी थांबल्या.